कॅमेऱ्यात दिसलेली सुगंधा

२००४ च्या डिसेंबरात शहापूरला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. वर्गात चाललेलं शिक्षकाला किती दिसतं आणि दिसल्यावर तो काय करतो, हे तपासायचं होतं...

त्यासाठी दिवाळीनंतर काही शाळांत शूटिंग झालं होतं. त्यात आटगावजवळच्या पाड्यावरचा माझा चौथीचा वर्गही होता. अपूर्णांकाचा पाठ छान रंगला होता, त्यामुळे माझी सीडी लागली तेव्हा मी जरा ताठच बसले.

सगळ्यांनी निरीक्षणाच्या तक्त्यात चांगले शेरे लिहिले. टोकावड्याकडच्या एक वयस्कर बाई तेवढ्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "खिडकीजवळची ती मुलगी कोण हो? तिला काहीतरी सांगायचं होतं."

सीडी पुन्हा लावली. ती सुगंधा होती... हात वर करून बसलेली. हात दुखला की दुसऱ्या हाताने कोपर धरायची, पण खाली घेत नव्हती. मी दोनदा तिच्या शेजारून गेले. एकदा तर तिच्याकडे बघून हसले आणि प्रश्न दुसऱ्यालाच विचारला.

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. पाठ झाल्यावर मी शूटिंगला आलेल्या पाहुण्यांच्या चहापाण्यात होते, एवढं आठवलं. दुसऱ्या दिवसापासून सुगंधा शाळेत आली नव्हती. वीटभट्टीवर गेली असेल म्हणून मी गैरहजेरी मांडत होते. दरवर्षी जातातच मुलं...

प्रशिक्षण संपल्यावर तिच्या घरी गेले. दार बंद होतं. शेजारी तिची आत्या तांदूळ पाखडत बसली होती.

"भिवंडीकडं गेली सगली, भट्टीवर," ती म्हणाली. "पोरीला जायाचा नव्हता. मीच बोलले तिला, बाईंना सांग बापाशी बोलायला. तो बाईंचा ऐकतो. मंग मी ठेवते तुला माझ्याकं."

"मग?" मी विचारलं.

"शाळेतून आली नि गप कपडे बांधाया लागली. बोलली, बाईंना आज टाइम नाय."



दोन रविवार भिवंडीकडच्या भट्ट्यांवर फिरले. ती सापडली नाही. पावसाच्या तोंडावर सगळे परत आले, पण सुगंधा शाळेत आली नाही. धाकट्या भावाला सांभाळायला तीच होती. मी बोलवायला गेले तर तिने त्याला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "आता नाय येत बाई." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी पुढे बरीच वर्षं शिकवलं. पाठ चांगला चालला असला की मीच मधे थांबायचे, वर्गभर एकेका चेहऱ्याकडे बघायचे... ही सवय मला त्या टोकावड्याच्या बाईंनी लावली. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्यांचा रागच आला होता.