दसऱ्याचं कुंकू आणि डॉसची फ्लॉपी

मुलुंडच्या आपल्या क्लासमधल्या मंडळींनो, आज संध्याकाळची बॅच होणार नाही. का, ते या बोर्डावरच लिहितो.

काल दसरा. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या सुलभाने कॉम्प्युटरची पूजा केली, डॉसच्या फ्लॉपीलाही हळदकुंकू वाहिलं. मीच म्हणालो, झकास.

आज सकाळी नव्या मशीनवर डॉस टाकायला बसलो. डॉस नसेल तर मशीन म्हणजे नुसता डबा. पण फ्लॉपी वाचलीच जाईना. काढून बघतो, तर तिच्या उघड्या खाचेत कुंकू. माझं डोकं फिरलं.

"वाट लावलीस ना गं सगळ्याची?"

ती म्हणाली, "कपाटात दुसरी कॉपी आहे ना. पण थांब, आधी ड्राइव्ह पुसू या. त्यातही कुंकू गेलं असेल."

मला कुठला धीर. कॉपी घेतली आणि सरळ ड्राइव्हमध्ये सारली. घरघर झाली. बाहेर आली ती लाल चरे घेऊनच.

सुलभाने पर्स उचलली आणि नाहूरला घरी निघून गेली.

पहिली फ्लॉपी तिच्या भक्तीने गेली, दुसरी माझ्या रागाने. कुणाकडे डॉसची चांगली फ्लॉपी आहे का? असेल तर उद्या आणा. माझ्या हातात मात्र देऊ नका, सुलभाकडे द्या.

ती आली तर.