रामलिंगाचा डावा हात

माझा धाकटा भाऊ रामलिंग पेटी वाजवायचा, तेव्हा लोक त्याच्या उजव्या हाताकडं बघायचे. बोटं पट्ट्यांवरून पळायची, त्यात अंगठी चमकायची, बघायला बरं वाटायचं. डाव्या हाताकडं कुणी बघत नव्हतं. तो बिचारा मागं, भात्यावर. ओढ, सोड. ओढ, सोड. लग्नातल्या वाढप्यासारखा. पंगत त्याच्या जिवावर उठायची आणि नाव व्हायचं आचाऱ्याचं.

आमच्या निलंग्याच्या मठात दर सोमवारी शिवभजन असतं. तिथं रामलिंग मिसरूड फुटायच्या आधीपासून पेटीवर. एरवी त्याचं कापडाचं दुकान. दुकानात लई मोजकं बोलायचा. गिऱ्हाइकानं विचारावं, "सावकार, रंग जाईल का?" तर हा म्हणायचा, "जाईल." असं कुठं दुकान चालतं का? पण चाललं खरं. सोमवारी मात्र दुपारपासूनच त्याचं चित्त गल्ल्यावर नसायचं. केसांना तेल, कपाळाला विभूती, इस्त्रीचा सदरा. त्याची बायको भागीरथी मला म्हणायची, "अक्का, लग्नाला बी एवढा नटला नव्हता तुमचा भाऊ."

ती गेली तेव्हा तिच्यापुढं पेटी ह्यानंच वाजवली. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून, फुलांनी सजवून, भजन म्हणत नेतात. पेटी गळ्यात अडकवून रामलिंग पुढं चालला होता. डोळ्यांत टिपूस न्हाई. बाया कुजबुजल्या, काय दगड माणूस आहे. मी त्याच्या बाजूनं चालत होते. सूर असा बारीक बारीक होत जायचा, की वाटायचं, गेला आता. आणि जायच्या आत डावा हात त्याला अलगद वर घ्यायचा. ज्या बायांना ते ऐकू आलं न्हाई त्यांना मी काय सांगू?

गेल्या साली दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्याच्या हातातून चहाचा कप पडला. मी तेव्हा पलीकडच्या गल्लीतून भाकरी घेऊन आले होते. मी ओरडले, "नीट धर की रे, नवा कप हाय!" तो हाताकडं बघत बसला. दुसऱ्याच कुणाचा तरी हात मांडीवर ठेवून गेल्यासारखा. लकवा. लातूरला नेलं, डॉक्टरांनी जीव वाचवला. तोंड सरळ झालं, बोलणं आलं, डावा पाय ओढत का होईना चालणं आलं. हात तेवढा आला न्हाई. मी माझं गाठोडं उचललं आणि त्याच्याकडं राहायला आले. माझ्या नातवंडांना वाटलं, आज्जी भांडून गेली. वाटू दे म्हटलं.

पेटी कोपऱ्यात, तिच्यावर भागीरथीनं शिवलेली खोळ. तो येता-जाता तिच्याकडं बघायचा न्हाई, आणि न बघणं लपत नसतं. एक दिवस मीच खोळ काढली.

"तू बोटं चालव. भाता मी ओढते."

"तुला जमणार न्हाई अक्का."

"जन्मभर जातं ओढलंय मी. ह्यात काय एवढं?"

बसलो दोघं. त्यानं सूर धरला, मी ओढायला लागले.

"हळू."

"बरं."

"आता सोड... अगं सगळं न्हाई सोडायचं!"

"मग किती सोडू?"

"थोडं. आता ओढ. अक्का, दळण दळायलीस का?"

"मग सांग की बाबा, कवा ओढायचं आन कवा सोडायचं."

त्यानं बोटं उचलली. मग म्हणाला, "मला तरी कुठं ठाऊक हाय? हातालाच ठाऊक होतं."

मी पेटीला खोळ घातली.

भजनाचा म्होरक्या मल्लिनाथ. माणूस वाईट न्हाई. तो येऊन बसला, चहा प्याला, पंख्याकडं बघत म्हणाला, "रामलिंगअप्पा, श्रावणापर्यंत वाट बघतो. तवर टाळ-मृदंगावर भागवू. पर श्रावणात पेटी लागतीच. उदगीरचा एक जण हाय, त्याला बोलवावं लागंल."

"बोलवा," रामलिंग म्हणाला. दुकानात "जाईल" म्हणायचा तसंच.

तो गेल्यावर रामलिंग जेवला न्हाई. दुकान भाड्यानं दिलेलं, बायको गेलेली, आता सोमवारसुद्धा उदगीरवाला नेणार.

त्याची लेक शिवकन्या लातूरला असते, बँकेत. तिला मी फोनवर सगळं सांगितलं, जरा मीठमसाला लावूनच. ती म्हणाली, "आत्या, कीबोर्डला भाताच नसतो. एका हातानं वाजतो. अप्पांना घेऊन या."

आम्ही एस.टी.नं लातूरला गेलो. वाद्यांच्या दुकानाचा मालक अमरेश नावाचा, पोरसवदा, गोड बोलायचा. आमच्या आधी एक बाई लेकीसाठी बघत होती. पट्ट्यांमध्ये दिवे लागायचे आणि लेक त्या दिव्यांमागं बोट पळवायची. रामलिंग ते बघत उभा राहिला.

"काका, शिकायला पाहिजे का वाजवायला?" अमरेशनं विचारलं.

मी म्हटलं, "वाजवायला होतं बाबा. आता शिकायला."

रामलिंगानं माझ्याकडं अशी नजर टाकली, की मी गप्प सतार बघायला लागले.

आमच्याकडं ह्या सगळ्यांना कॅसिओच म्हणतात, कंपनी कुठली का असेना. अमरेशनं आधी एक हलका दिला. मांडीवर मावणारा, सेलवर चालणारा. "लाईट गेली तरी चिंता न्हाई काका. नवीन शिकणारे हाच नेतात." पण त्याच्या पट्ट्या अरुंद. रामलिंगाचं एक बोट ठेवलं, की दोन पट्ट्या बोलायच्या.

मग पूर्ण रुंद पट्ट्यांचा काढला. जोरात मारलं की मोठा आवाज, हळू मारलं की बारीक. रामलिंग म्हणाला, "पेटीला मारत न्हाईत." त्यात पेटीचा आवाज पण होता, तो अमरेशनं लावून दिला. रामलिंगानं एक सूर दाबून धरला. सूर लागला, आणि तसाच राहिला. ना वर, ना खाली.

"हे काय हाय?"

"का काका? सूर बरोबर हाय की."

"नळ सोडून दिल्यासारखा वाटतोय."

शिवकन्या कळवळून म्हणाली, "अप्पा, थोडी तरी तडजोड करा ना." पण अमरेशला काहीतरी उमगलं असावं. तो आत गेला आणि एक मोठा, जड कीबोर्ड घेऊन आला, ऑर्केस्ट्रावाले नेतात तसला. स्टँडवर ठेवला, रामलिंगाला स्टुलावर बसवलं, आणि एक वायर जोडून खाली पायाशी काळी चप्पट पट्टी सरकवली. पेडल.

"उजव्या पायानं दाबा. दाबलं की आवाज वाढतो, सोडलं की कमी होतो. तुमचा भाता समजा."

रामलिंगानं सूर धरला. पाय हळूच दाबला. सूर मोठा झाला. पाय सैल सोडला, सूर बारीक झाला, बारीक झाला, आणि मग त्यानं तो परत वर घेतला.

अमरेशनं पंखा बंद केला. दिवेवाली लेकसुद्धा थांबली. शिवकन्या पदरानं नाक पुसत म्हणाली, "हाच द्या."

तो जड डबा, स्टँड, पेडल, सगळं निलंग्याला आलं. रामलिंग खुर्चीत बसून सकाळ-संध्याकाळ वाजवायला लागला. पाय काही हाताएवढा हुशार न्हाई, पण कष्टाळू निघाला. आधी उशिरा दाबायचा, मग घाईनं दाबायचा. रामलिंग स्वतःच्या पायाला शिव्या द्यायचा आणि मी भाजी निवडत हसायचे. ज्येष्ठ गेला. आषाढात एकदा मल्लिनाथ दारात उभा राहून गुपचूप ऐकत होता. आत येऊन म्हणाला, "अप्पा, पहिला सोमवार तुमचा." त्या दिवशी रामलिंगानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मला वाटलं, झालं बाई, सुटलो.

श्रावणातला पहिला सोमवार आला. इस्त्रीचा सदरा मी त्याला घातला, बटणं मी लावली. मठात सतरंजी अंथरलेली, गादीला हार, माणसं भरलेली. लकव्याचा माणूस खाली कसा बसणार, म्हणून मल्लिनाथनं बाजूला खुर्ची मांडली होती. कुणी त्यावर एक शब्द बोललं न्हाई. उलट लोक उठून येऊन "शरणार्थ अप्पा, शरणार्थ" करत होते. रामलिंगाचं तोंड उजळलं होतं.

भजनाच्या आधी आमच्याकडं वाद्यांना विभूती लावतात. मृदंगाला लावली, टाळांना लावली. ताट रामलिंगापुढं आलं. त्यानं तीन बोटं विभूतीत बुडवली, कीबोर्डवर ओढली, आणि मान वाकवून नमस्कार केला. खाली वाकला तेव्हा त्याला दिसलं असावं. कीबोर्डातून वायर निघाली होती आणि त्याच्या पायाखाली गेली होती.

वाद्याला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून छातीला लावतो. लहान लेकराला पण हे सांगावं लागत न्हाई. घरी हे कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, ना माझ्या, ना त्याच्या. घरी ते यंत्र होतं. विभूती लागली आणि त्याची पेटी झाली.

रामलिंगानं पाय मागं घेतला.

मल्लिनाथनं ओळखलं. वाकून कानात म्हणाला, "चालतंय अप्पा. ठेवा पाय. कोण काय म्हणतंय?"

"कुणी न्हाई," रामलिंग म्हणाला.

भजन सुरू झालं. त्यानं पेडल सोडून नुसत्या बोटांनी वाजवलं. सूर सगळे बरोबर. एकही चुकला न्हाई. पण नळ सोडल्यासारखे. मल्लिनाथचा आवाज वर चढला तरी तेवढेच, खाली आला तरी तेवढेच. लोकांना काही कळलं न्हाई, लोक डोलत होते. मी मात्र रामलिंगाचा पाय बघत होते. तो सारखा पुढं सरकायचा आणि परत मागं यायचा. दुसरं भजन अर्ध्यात असताना त्यानं बटण बंद केलं. पुढचं सगळं टाळ-मृदंगावर झालं. संपल्यावर मल्लिनाथला म्हणाला, "उदगीरवाल्याला बोलवून घ्या."

घरी आल्यावर मी भांडले. म्हटलं, "देवाला काय कळतंय हात कुठला आन पाय कुठला? त्यानंच हात नेला, पाय ठेवला. मग पायानं वाजवलं तर त्याला राग यायचा का?"

"देवाला न्हाई येत अक्का."

"मग?"

"मला वाजवताना लाज वाटली तर सूर कसा लागंल?"

मी त्याच्या सदऱ्याची बटणं काढायला लागले.

"मठात नगं तर घरी वाजव," दुसऱ्या दिवशी म्हटलं. तो बसला पण. वाजवायला लागला आणि पाय पेडलपाशी जाऊन थांबला. आता घरी पण ते यंत्र राहिलं नव्हतं. शिवकन्या म्हणाली, परत देऊन टाकू दुकानात. रामलिंग म्हणाला, विभूती लावलीय, परत कसं देतेस? मी जुनं लुगडं काढून त्यावर झाकलं.

पुढच्या सोमवारी तो मठात गेला, खांबाला टेकून मागच्या खुर्चीत बसला. उदगीरवाला तरणा, बोटं पाण्यासारखी. भजन झाल्यावर तो रामलिंगाच्या पाया पडायला आला, तर हा "असू दे, असू दे" म्हणत उठून उभा राहिला. येताना रिक्षात मी विचारलं, "कसा वाजवतोय?"

"चांगला हाय. भाता जरा घाईनं सोडतोय."

"मग सांगायचं की त्याला."



तिसऱ्या सोमवारी मी त्याच्या अंघोळीचं पाणी काढलं, सदरा काढून ठेवला. तो खाटेवर बसूनच म्हणाला, "अक्का, आज तू जाऊन ये."

मी पण गेले न्हाई. दोघं बसून राहिलो. मठाचा भोंगा आमच्या घरापर्यंत येतो. पेटी सुरू झाली तशी मी उठून खिडकी लावली, आणि त्यानं लावू दिली.