शेवटच्या धावपटूमागची मिनीडोर

अलिबागला उतरले तेव्हा समुद्र दिसायच्या आधी डावा गुडघा बोलला. कराडहून पुणे, पुण्याहून अलिबाग असा दिवसभर बसून प्रवास; पाय आखडून त्याचं नुसतं लाकूड झालं होतं. आमचे मिस्टर, विलास, दोन्ही पिशव्या उचलून पुढे झाले आणि वळून म्हणाले, "अजून वेळ आहे. उद्या पळायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

"नाव दिलंय मी," मी म्हटलं. "आता नाही म्हणायला लाज वाटते."

खरं कारण दोघांनाही माहीत होतं. मी बस कंडक्टर. चौदा वर्षं गाडीवर काढली. दीड वर्षापूर्वी घराजवळच्या वळणावर माझी स्कूटर घसरली, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून आगारात टेबलावर कागद सारत बसले आहे. आता साहेबांनी विचारलं होतं, टेबल कायमचं घेता की गाडीवर परत येता? सोमवारी लेखी द्या. डॉक्टर म्हणाले, "पाय चालेल, पण भरवसा तुमचा हवा." विलासना टेबल हवं होतं. मला गाडी हवी होती, पण भरवसा काय दुकानात मिळतो? म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं, अलिबागची ही एकवीस किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन पुरी केली तर गाडी, नाहीतर टेबल. सराव म्हणाल तर महिनाभर, शाळेच्या मैदानावर, फार तर आठ किलोमीटर, तोही गुडघ्याला पट्टा बांधून. हट्टाला अक्कल थोडीच लागते!

समुद्राजवळच्या एका वाडीत (नारळ-सुपारीच्या बागेत) आम्ही खोली घेतली होती. थंडीचे दिवस, म्हणून घरमालकीण मावशींनी संध्याकाळी पोपटी लावली. म्हणजे वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात भाजायची. मडकं उघडलं तसा त्या पाल्याचा वास सगळ्या अंगणात पसरला. "खा गो बाय," मावशी म्हणाल्या, "उद्या पलायचा हाय ना!" मी पोटभर खाल्लं. विलास एक अंडं हातात घेऊन माझ्या गुडघ्याकडे बघत बसले होते.

सकाळी किनाऱ्यावरून सुरुवात झाली. समोर पाण्यात किल्ला, ओल्या वाळूवर थंडगार वारा, आणि आदल्या दिवशी मांडव्याला बोटीनं उतरलेली मुंबईची पोरं-पोरी रंगीत बूट घालून उड्या मारत होती. शिट्टी वाजली आणि ती सगळी भुर्र झाली. चौथ्या किलोमीटरला माझ्यामागे माणूस नव्हता. होती ती फक्त एक मिनीडोर (सहा आसनांची टमटम), फटफट करत माझ्याच वेगानं येणारी. जे थकतील त्यांना उचलून आणायला आयोजकांनी ठेवलेली शेवटची गाडी.

"ताई, बसता काय? जागा हाय," ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं. त्याचं नाव किशोर.

"नाही!" मी जरा जोरातच ओरडले. गुडघ्याचं सोडा, आमच्या धंद्यात या लोकांशी आमचं हाडवैर. स्टँडच्या दारातून आमचे पाशिंजर पळवतात. त्यांच्या गाडीत मी बसू?

दर अर्ध्या किलोमीटरला तो विचारायचा आणि मी नाही म्हणायचे. आक्षी गेलं, नागाव आलं. दोन्ही बाजूंना वाड्या, अंगणात वाळत घातलेली सुपारी, मधूनच सुकत्या जवळ्याचा (बारीक मासळीचा) वास. शर्यतीसाठी रस्ता बंद होता, त्यामुळे दुसरी गाडी दिसत नव्हती. अलिबागला निघालेली माणसं कडेला ताटकळत उभी होती. नागावच्या पुढे चौलच्या वाटेवर वळसा होता. तिथल्या पोरींनी लिंबाचं पाणी दिलं, "शाब्बास काकू" म्हणाल्या, आणि मी परत फिरले. गुडघा तोवर बरा होता. मला वाटलं, झालंच की!

कुठलं काय. तेराव्या किलोमीटरला आतून सुई टोचल्यासारखं झालं. चौदाव्याला ती सुई हलेना. आक्षीच्या अलीकडे पंधराव्याला पाय टेकवला आणि तो माझा राहिलाच नाही. मी मोरीच्या कठड्यावर बसले आणि रडले. सरळ हुंदके देऊन रडले. चौदा वर्षं त्या कठड्यावर संपली असं वाटलं. मग नाक पुसलं आणि मिनीडोरला हात केला.

गाडी थांबली. आत बघते तर तुडुंब भरलेली! मासळीची पाटी मांडीवर घेतलेली एक कोळीण, पोटुशी मुलगी आणि तिची आई, कॉलेजची चार पोरं.

"अहो, ही गाडी कुणासाठी ठेवलीय?" माझा पारा चढला. "माझ्यासाठीच ना!"

किशोरनं डोकं खाजवलं. "तुमी सारख्या न्हाय न्हाय बोलत व्हत्या, ताई. मंग मी बोल्लो, सीट मोकली कशाला न्यायची?"

हात केलेला माणूस दिसला की किशोरचा पाय आपोआप ब्रेकवर जात होता. रडता रडता मला हसू फुटलं. कोळीणमावशी पाटी घेऊन उठल्या. "बस बाय माज्या जाग्यावर. पाय दुकतो ना तुजा?"

मी बसले. दोन मिनिटं झाली नसतील, तोच किशोरनं पुन्हा गाडी थांबवली. काठी टेकत एक म्हातारबाबा. आता यांना कुठं बसवायचं म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि माझं तोंड आपलं आपण सुटलं. "पोरांनो, दोघं मागं उभे राहा. मावशी, पाटी खाली, तुम्ही बसा. बाबा, इकडं या, माझ्या जागेवर." सगळे मुकाट हलले. मी मागच्या पायरीवर उभी राहिले, दांडा धरला आणि टपावर दोन थापा मारल्या. किशोर निमूट निघाला.

आक्षीपासून अलिबागपर्यंत रस्त्यानं हाडं खिळखिळी केली. खड्डे, गतिरोधक, आणि किशोरचे ते ब्रेक! माझे पाय मात्र आपोआप फाकले होते, टाचा रोवल्या होत्या, गुडघा जरासा सैल सोडलेला. दुखत होता, नाही कशाला म्हणू? पण धरून होता.

"सवय दिसते तुला," कोळीणमावशी म्हणाल्या.

"चौदा वर्षांची. कंडक्टर आहे मी."

त्यांनी मला नीट वरून खाली न्याहाळलं. "मंग पलत कशाला व्हतीस?"

गाडीवर चौदा वर्षांत मी कधी एकवीस किलोमीटर पळले होते? उभी राहिले होते. मी स्वतःला भलत्याच विषयाच्या परीक्षेला बसवलं होतं, आणि नापास झाले म्हणून कठड्यावर रडत होते. माझी मलाच शरम वाटली, आणि इतकं हलकं वाटलं की काय सांगू!

किनाऱ्यावर विलास धावणाऱ्यांच्या वाटेकडे डोळे लावून उभे होते. "आधी बाबांना उतरू द्या!" असा माझा आवाज ऐकला आणि ते वळले. मी टपाच्या दांड्याला लटकलेली. ते बघतच राहिले. पदक मिळालं नाही, प्रमाणपत्र नाही. मी म्हटलं, "पुरी नाही झाली. पण सोमवारी मी गाडी लिहून देणार आहे."

दुपारच्या पुण्याच्या बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली. कार्ले खिंडीची वळणं सुरू झाली तशी मी उठले आणि मधल्या वाटेत उभी राहिले. गुडघ्याचं पुढे दोन आठवडे शेकणं चालणार होतं, ते मला कळत होतं. पण चालत्या गाडीत मी उभी राहू शकते, हे त्यांना दाखवल्याशिवाय घरी जायचं नव्हतं. विलासनी मला अडवलं नाही. फक्त एक हात माझ्या पाठीशी हवेत धरून ठेवला, पडले तर सावरायला. प्रत्येक वळणाला तो हात माझ्याबरोबर हलायचा. दीड वर्ष हा माणूस किती घाबरलेला आहे, हे मी एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघितलं. माझ्या हट्टात ते दिसलंच नव्हतं.

वडखळ आलं तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. मग म्हणाले, "पहिली गाडी दिली तर डबा पाचला लागेल ना?"

"साडेचारला," मी म्हटलं.

"मग मला उठवत जा."