वेळ न सांगणारे सर

एवढा तयारीचा प्रशिक्षक कुणाला ठाऊक कसा नाही, असं लोक मला विचारतात. उत्तर सोपं आहे. मी सांगितलं नाही.

आमचे सर सातपूरला कारखान्यात फिटर. पहाटे पाच ते साडेसहा आम्हा पोरींना पळवायचे आणि तसेच सायकल हाणत फर्स्ट शिफ्टला जायचे. घड्याळ त्यांच्या हातात असायचं, पण आमची पळण्याची वेळ कधी सांगायचे नाहीत. "आकडा कळला की पोरगी तिथंच थांबती," म्हणायचे. मला भयंकर राग यायचा. तसा मला कशाचाही यायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्याबरोबर स्पर्धेला शाळेचेच क्रीडाशिक्षक यायचे. सरांना ना शाळा, ना रजा. राज्य स्पर्धेत मी पंधराशे मीटरला पहिली आले, तेव्हाही सर मशीनवर होते. वार्ताहराने विचारलं, "प्रशिक्षक कोण?" क्रीडाशिक्षकांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी त्यांचंच नाव सांगितलं. एरवी माझं तोंड बंद म्हणून व्हायचं नाही, तिथे नेमकं सरांचं नाव तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी वडील शेवंती विकून येताना पेपर घेऊन आले आणि साऱ्या वस्तीला दाखवत सुटले. फोटोखालचं क्रीडाशिक्षकांचं नाव वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांना कोणत्या तोंडाने भेटणार? चार दिवस मैदानावर फिरकले नाही. पळणं सोडायचं, असं ठरवूनच टाकलं.

पाचव्या पहाटे अंगणात सायकलची घंटा वाजली. वडील चहा घ्या म्हणाले, तर सर म्हणाले, "नको, शिफ्ट हाय." मी दाराआडूनच बोलले, "सर, माझं चुकलं. पेपरात..."

"पाह्यला पेपर. नुसतं उभं राहतानाबी डावा खांदा वर. तिथंच तुझा दम जातोय."

मी रडायला लागले. मग मात्र ते चिडले. "पेपरात नाव नाय आलं म्हणून मी यायचं थांबलो का? मग तू का थांबलीस?"

सायकल वळवून ते निघाले. बूटही न घालता मी मळ्याच्या रस्त्याने मैदानापर्यंत त्यांच्यामागे पळाले. नाक पुसत, हुंदके देत. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. आता हे लिहायच्या आधी त्यांच्या घरी गेले. सर निवृत्त झालेत, गुडघे धरतात म्हणून सायकलही सुटली आहे. म्हटलं, "सर, आता तरी तुमचं नाव घालू द्या."

"नको. सवय नाय."

माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असणार. म्हणाले, "रडत सायकलमागं आली होतीस, आठवतं? घड्याळ लावलं होतं मी. त्याच्याएवढं चांगलं तू परत कधीच पळाली नाय."