रांगोळीवरचे लाल डाग

प्रिय चिनू आणि मनू,

रविवारी फोनवर चिनू सहज बोलून गेला, "आजी, सकाळी गाडी वळवली की कण्हते. स्टिअरिंगही जड लागतं. मी गाणी मोठ्याने लावतो, मग ऐकू येत नाही." तुम्ही दोघं हसलात. मला हसू आलं नाही. फोन ठेवल्यावर माझ्या नोकरीतली एक केस जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहिली. घरात मी ती कधी सांगितली नाही, कारण तिच्यात चूक माझी होती. आता सांगते.

मी तेव्हा हेब्बाळकडच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होते. सकाळची हजेरी आटोपली की तक्रारींची रांग लागायची. एके दिवशी त्या रांगेत एक अक्का आली. डोक्यात ताजी अबोली, हाताला अजून रांगोळीची पूड. (आमचं सगळं बोलणं कन्नडमध्ये व्हायचं, तुमच्यासाठी मराठीत लिहिते.)

"मॅडम, समोरच्या बंगल्याचा ड्रायव्हर रोज माझ्या गेटपुढे गाडी लावून मालकाची वाट बघतो. गाडी निघाली की माझ्या रांगोळीवर लाल डाग! पान थुंकतो मेला!"

मी ड्रायव्हरला बोलावून घेतलं. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. हात बांधून उभा राहिला.

"अण्णा, थुंकायला दुसरी जागा नाही?"

"मॅडम, मी पान खात नाही."

"मग काय, आकाशातून लाल पडतं?"

कॉन्स्टेबल हसले. मीही हसले. तो बिचारा "सरी मॅडम", म्हणजे 'बरं मॅडम', म्हणाला आणि जाऊन अक्काच्या गेटपुढचा दगड घासून आला. मी स्टेशन डायरीत व्यवस्थित नोंद केली: रोज सकाळी गाडी उभी राहते त्या जागी लाल डाग, चालकास समज दिली. त्याचे दात पाहावेत, तो डाग बोटाने चाचपावा, हे मला सुचलं नाही.

दोन आठवड्यांनी तीच गाडी देवळाजवळच्या वळणावर वळलीच नाही. सरळ फुलवालीच्या टोपल्यांत घुसली. तिचा पाय मोडला. ड्रायव्हरला आम्ही ठाण्यात आणलं, गाडी ओढून आवारात उभी केली.

"स्टिअरिंग दगडासारखं झालं, मॅडम. दोन्ही हातांनी ओढलं. ती बाई माझ्याकडेच बघत होती." एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

मालक संध्याकाळी आले. मोठ्या हुद्द्याचे गृहस्थ. "माझी गाडी ठणठणीत आहे. हाच प्यायलेला असेल." वैद्यकीय तपासणीत दारूचा अंश निघाला नाही, तेव्हा म्हणाले, "मग झोपला असेल." निष्काळजीपणाचा गुन्हा सिद्ध झाला असता तर त्याला तुरुंगवास झाला असता आणि लायसन्सही गेलं असतं. घरी तीन मुली होत्या आणि त्याला दुसरं काम येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्का पुन्हा आली, पण या वेळी खूश होती. "छान केलंत, त्याला आत बसवलंत. आज माझी रांगोळी स्वच्छ राहिली!"

तिला निरोप द्यायला मी दारापर्यंत गेले. सहज आवारातल्या गाडीकडे लक्ष गेलं. बॉनेटखाली फरशीवर हाताएवढा लाल डाग पडला होता. ड्रायव्हर आत कोठडीत होता आणि गाडी बाहेर पान थुंकत होती.

मी वाकून बोट लावलं. बुळबुळीत तेल होतं.

वाहतूक खात्याचे निरीक्षक तपासणीला आले. सोबत आमच्या जीप दुरुस्त करणारा, पीण्या औद्योगिक वसाहतीतला मेस्त्री होता. त्याने आधी बॉनेटखालची स्टिअरिंगच्या तेलाची डबी उघडली. तळाशी नुसता फेस होता. पंप फिरवणारा पट्टा दाबून पाहिला, तो घट्ट होता. मग सगळे पाइप फडक्याने कोरडे पुसले, इंजिन सुरू केलं आणि मला म्हणाला, "मॅडम, स्वल्प स्टिअरिंग फिरवा." मी फिरवलं. पंप कण्हला आणि एका पाइपच्या क्लिपखालून लाल रेघ उतरली. "पंप तेल दाबून चाकं वळवायला मदत करतो," तो म्हणाला. "तेल गेलं, हवा शिरली, की सगळं वजन ड्रायव्हरच्या हातावर. वळणावर माणूस काय करणार?"

तिथेच उभे असलेले मालक लगेच म्हणाले, "धडकेत फुटला असेल पाइप."

तेव्हा मी डायरीचं ते पान काढलं, धडकेच्या दोन आठवडे आधीच्या लाल डागाचं. ते आमच्या ठाण्याच्या साहेबांपुढे ठेवायचं म्हणजे माझी अक्कलही त्यांच्यापुढे ठेवायची. मी ठेवली. साहेबांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पुढे विचारा."

मी मालकांना हळू आवाजात विचारलं, "त्याने तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तो रोज काहीतरी सांगतो."

"त्यातलं एक सांगा."

मग म्हणाले, "सकाळी गाडी कण्हते म्हणाला होता. मी त्याला सांगितलं, वर तेल ओत आणि चल." डिकीत लाल तेलाची अर्धी बाटली निघाली. पंचनाम्यात तिची नोंद झाली.

ड्रायव्हर सुटला, लायसन्स वाचलं. फुलवालीच्या उपचाराचा खर्च मालकांकडे आला. ती पुढे काठी घेऊन चालायची. तपासणीचा अहवाल आल्यावर मेस्त्रीने नवा पाइप बसवला, पुढची चाकं जॅकवर उचलली आणि बुडबुडे थांबेपर्यंत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिला. वर नुसतं तेल ओतणं ही दुरुस्ती नव्हे, हे मी तिथे उभी राहून शिकले. आणि "मी पान खात नाही" असं कोणी म्हणालं तर आधी ते खरं धरून बघायला जायचं, हेही. मी त्या दिवशी हसले नसते तर त्या बाईचा पाय शाबूत राहिला असता.

सुटल्यावर त्याने मला नमस्कार केला. मी म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं." तो म्हणाला, "असू दे मॅडम, दगड स्वच्छ झाला ना." अक्काने मात्र त्याला गेटवर थांबवून फिल्टर कॉफी पाजली आणि त्याच्या हातात पेला असेपर्यंत नजर वर केली नाही.

चिनू, तुझ्या गाडीचं स्टिअरिंग तेलावर चालत असेल किंवा विजेवर, मला माहीत नाही. गाणी बंद कर, गाडीखाली एक पांढरा कागद ठेव आणि उद्याच मेकॅनिककडे जा.

अक्का आता नाही. तिच्या घराच्या जागी चार मजली इमारत आहे. गेटपुढचा तो दगड मात्र नव्या पायरीत बसवला आहे, आणि त्यावरचा तेलाचा डाग, घासूनही न गेलेला आणि आता तपकिरी झालेला, अजून आहे.

तुमची आजी