चौदा पोत्यांची थप्पी

वाटूर फाट्यावरून परतूरकडे वळलं की डाव्या हाताला पत्र्याचं एक गोदाम लागतं. दारावर पाटी आहे: उषा सीड्स. आतल्या प्रत्येक पोत्यावर हिरव्या चौकटीत उषाबाई तौर यांचा फोटो छापलेला आहे. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू, नजर सरळ समोर. फोटो पुतणीच्या लग्नातला आहे. शेजारी त्यांचे पती भुजंगराव उभे होते, त्यांना छापखान्यात कापलं.

भुजंगराव बावीस वर्षं परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. आलेला माल मोजून देणं हे त्यांचं काम. पण शेतकरी आणि व्यापारी दोघेही त्यांना वजनापेक्षा जास्त विचारत. सोयाबीनची मूठ कानाजवळ हलवून, एक दाणा दाताखाली फोडून ते ओल किती आहे ते सांगत. यंत्राचा आकडा नंतर यायचा आणि बहुतेक वेळा जुळायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, मापाड्याचं काम आटत गेलं, आणि वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी सोयाबीनचं बियाणं विकायचं ठरवलं.

परवान्याला अकरा महिने लागले. थ्री-फेज वीज मिळायला आणखी पाच. जालना एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या एका युनिटमधून जुनं ग्रेडिंग मशीन आणलं, त्याच्या चाळण्या दोनदा बदलल्या. मोठ्या कंपन्यांची पोती दुकानदार दर्शनी भागात लावत. भुजंगरावांचं पोतं घ्यायला कुणी तयार नव्हतं. पहिल्या हंगामात त्यांनी मोटारसायकलवरून घरोघर फिरून नव्वद पोती विकली.

धंदा उभा केला तो उषाबाईंनी, आणि तोही एका गोणपाटावर. आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांच्या बैठकीला त्या जात. पोत्यातले शंभर दाणे न निवडता मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहाच्या रांगांनी मांडायचे, गुंडाळी करून माठाजवळ सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर पेरायचं, खाली निघाले तर पोतं परत आणायचं.

"माझ्यावर भरोसा ठिवू नका," त्या बायकांना सांगत. "गोणपाटावर ठिवा."

कुठलाही विक्रेता आपलं बियाणं तपासायला शिकवत नाही. हे कुटुंब शिकवत होतं, म्हणून लोकांनी घेतलं. दुसऱ्या वर्षी दोनशे दहा पोती गेली, तिसऱ्या वर्षी तीनशे ऐंशी. दरवर्षी मृग निघाला की तीस-बत्तीस घरांत माठाजवळ गोणपाटाच्या गुंडाळ्या दिसू लागल्या. यंदा चौथ्या हंगामासाठी भुजंगरावांनी सहाशे चव्वेचाळीस पोती तयार केली. मार्चमध्ये प्रयोगशाळेचा अहवाल आला: उगवण ब्याऐंशी टक्के. तोच आकडा टॅगवर छापून प्रत्येक पोत्याला शिवला गेला.

चूक एप्रिलमध्ये झाली. अर्धं गोदाम त्यांनी हरभऱ्याच्या एका व्यापाऱ्याला दोन महिन्यांसाठी दिलं होतं, त्यामुळे सगळी पोती उरलेल्या अर्ध्या भागात बसवणं भाग होतं. मोंढ्यातल्या ओळखीचा हमालांचा मुकादम भारत आपली टोळी घेऊन आला.

"मापाडी, किती लावू?"

"मोंढ्यात लावता तशी लाव. फक्त सरळ लागली पाहिजे."

"आपली थप्पी कधी वाकडी लागली का? दोरी धरा आन् बघा."

हमालांनी मोंढ्यात टाकतात तशीच पोती पाठीवरून टाकली. पश्चिमेच्या पत्र्याला लागून चौदा थरांची थप्पी उभी राहिली, प्रत्येक थरात शेहेचाळीस पोती. धान्याची थप्पी अशीच लागते आणि तिला काहीही होत नाही. सोयाबीनच्या बियाण्याचं तसं नसतं. त्याची साल पातळ असते आणि कोंब सालीच्या लगेच खाली असतो. म्हणून पोतं आपटायचं नाही आणि सातच्या वर थर लावायचे नाहीत. हे सांगणारा तक्ता गोदामातच टांगलेला होता, पश्चिमेच्या भिंतीवर. थप्पी उभी राहिली आणि तक्ता तिच्या मागे गेला.

भुजंगरावांनी त्या दिवशी भारतच्या टोळीला चहा पाजला आणि थप्पीचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला.

मे महिन्यात पत्रा दुपारी हात लावू देत नव्हता. शेवटच्या आठवड्यापर्यंत वरचे नऊ थर विकले गेले. चारशे चौदा पोती. उषाबाई दरवर्षी पेरणीआधी घरची चाचणी लावतात, तशी त्यांनी याही वर्षी लावली. एक गुंडाळी घरच्या शेतासाठी अगदी सुरुवातीला उतरवलेल्या पोत्याची, एक उरलेल्या पाच थरांपैकी सगळ्यात वरच्याची, एक जमिनीलगतच्या पोत्याची. एकतीस मेला त्यांनी तिन्ही उघडल्या. एकोणऐंशी. एकसष्ट. अठ्ठेचाळीस.

त्यांनी पुन्हा मोजले. मग गुंडाळ्या तशाच उचलून गोदामात आणल्या.

भुजंगरावांनी कोंबांकडे पाहिलं नाही. ते थप्पीकडे गेले, खालच्या पोत्याला टोचा मारून मूठभर दाणे काढले, कानाजवळ हलवले, एक दाताखाली फोडला.

"खणखणीत हाय. ऐक आवाज. हा मेलेला दाना हाय का?"

"मला आवाज कशाला ऐकवता? कोंब मोजा."

"तुझं पानी कमी पडलं आसंल."

"तिन्हीला एकच हात, एकच पानी," उषाबाई म्हणाल्या. "एका पोत्याला पुरलं आन् दुसऱ्याला न्हाई?"

दाणा चांगला होता, त्यात वाद नव्हता. मोंढ्यात त्याला वरचा भाव मिळाला असता. बावीस वर्षं भुजंगरावांनी जे ओळखलं ते धान्य होतं, आणि हातातली मूठ धान्य म्हणून खरीच होती. बियाणं म्हणून ती संपली होती.

वरून आठव्या-नवव्या थरातली पोती आधीच घरोघर गेली होती. त्यांची उगवण किती राहिली असेल हे कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्या घरी कुठल्या थरातलं पोतं गेलं याची नोंद नव्हती. सगळ्यांवर टॅग एकच होता.

"माघारी बोलवा सगळी," उषाबाई म्हणाल्या.

"एका घरी फोन केला का संध्याकाळपर्यंत परतुरात बोंब. परवाना गेला, दुकानदार गेले. चार साल पायाला भिंगरी बांधून फिरलो, ते काय ह्याच्यासाठी?"

"फोटू माझा हाय त्याच्यावर."

"म्हनून तर बोलून राह्यलो. गप बस जरा."

एक दिवस त्यांनी विक्री बंद ठेवली. दोन जूनला गिऱ्हाईक दारात ट्रॅक्टर घेऊन उभं राहिलं, तेव्हा त्यांना एक वाट सुचली. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "यंदा जरा दाट पेरा. एकरी एक पोतं टाकता, तिथं दीड टाका." आधी घेऊन गेलेल्यांनाही त्यांनी तसेच फोन केले. निम्मे दाणे उगवले तरी रान भरलेलं दिसेल, असा त्यांचा हिशोब होता.

लोकांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला. मापाडी जाणता माणूस, सांगतो तर काही कारण असेल. ते आणखी पोती न्यायला आले. वाटूरच्या कांताबाईंचा मुलगा संघपाल, परतूरला शाळेत शिक्षक आहे, तो चार पोती आधीच घेऊन गेला होता. चार जूनला तो पुन्हा आला.

"मामा, आणखी दोन द्या. तुम्ही म्हणलात म्हणून. आई म्हणली, मापाड्याचा शब्द म्हंजे काटा."

ती दोन पोती खालच्या थरातून निघाली. दाट पेरण्यासाठी जेवढी पोती त्या आठवड्यात गेली, ती सगळी खालच्याच थरांतली होती. भुजंगराव प्रत्येक पोतं स्वतः खांद्यावरून हळू उतरवून देत होते. आता हळू उतरवून काही उपयोग नव्हता.

सहा जूनला जेवताना ते बायकोला म्हणाले, "उद्या वाटूरला तुझी गटाची बैठक हाय ना? यंदा गोणपाट लावू नका म्हनावं. टॅगवर आकडा छापलाय, तेवढा बस झाला."

उषाबाईंनी आपलं ताट उचलून मोरीत नेलं.

बैठक कांताबाईंच्या ओसरीत होती. वीस-बावीस बायका जमल्या. कोपऱ्यात संघपालने आणलेली पोती होती, भिंतीला उभी. सगळ्यांवर उषाबाईंचा चेहरा.

"फोटू लई ग्वाड आलाय गं," एक बाई म्हणाली. "नवरा कुठं गेला म्हनं?"

"कापला छापखान्यात," उषाबाई म्हणाल्या.

"बरं केलं. आमचा छापखान्यात धाडते, पत्ता दे."

हसून झाल्यावर कांताबाईंनी विचारलं. त्या गटाच्या अध्यक्ष, उषाबाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या.

"उषा, मिरग उद्या. गुंडाळ्या लावायच्या ना?"

उषाबाईंनी कोपऱ्यातल्या पोत्यांकडे पाहिलं. "लावा, अक्का. दरसाल लावता तशा," त्या म्हणाल्या. "आन् ज्यांनी मागून पोती नेली, त्यांनी त्याची येगळी लावा."

घरी येऊन त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. भुजंगराव उठून अंगणात गेले आणि पश्चिमेकडे बघत उभे राहिले.

त्या दिवसापासून ते दुपारी आभाळ बघू लागले. आठ जूनला लावलेल्या गुंडाळ्या तेराला उघडणार होत्या. त्याआधी पेरणीजोगा पाऊस झाला असता तर कुणी गोणपाटाची वाट पाहिली नसती. रानात वाफसा असताना घरी कोण थांबतं? रोज तीनच्या सुमारास पश्चिमेला काळं धरायचं, वारा सुटायचा, गोदामाचा पत्रा वाजायचा आणि संध्याकाळी सगळं मोकळं व्हायचं. नऊ, दहा, अकरा. फोनवर ते वेगवेगळ्या गावांच्या ओळखीच्यांना एकच विचारत, "तुमच्याकडं पडला का?" लोकांना वाटे, चांगला माणूस, आपली काळजी करतो.

उषाबाई गोदामात यायच्या थांबल्या. थप्पी उतरून कमरेइतकी राहिली होती. तिच्या मागचा तक्ता आता पूर्ण दिसत होता. बारा तारखेला भुजंगरावांनी तो काढून मशीनमागे ठेवला.

तेराला मात्र उषाबाई सकाळीच गोदामाच्या दाराशी होत्या; सात वाजता तिथे कांताबाई आल्या. चार किलोमीटर चालत आल्या होत्या. हातात स्टीलचं ताट, ताटात दोन ओल्या गुंडाळ्या, वर भिजवलेलं फडकं.

"उघडली न्हाई," त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोरच उघडावी म्हणलं. तू शिकवलं, तूच मोज."

उषाबाईंनी गोदामाच्या दारातच बसकण मारली. पहिली गुंडाळी सोडली. अडुसष्ट निघाले. कांताबाई म्हणाल्या, "काठावर हाय. हरकत न्हाई." दुसरी गुंडाळी सोडताना आंबूस वास आला. कित्येक दाणे बोटाखाली मऊ लागत होते, काहींवर पांढरी बुरशी धरली होती. उषाबाई रांगेरांगेने मोजत गेल्या आणि कांताबाई मनात मोजत राहिल्या.

"त्रेचाळीस," उषाबाई म्हणाल्या.

कांताबाईंनी पुन्हा मोजले. तेवढेच भरले. मग त्यांनी गोदामात पाहिलं. भुजंगराव वजनकाट्याशेजारी उभे होते, हातात शिवणाची सुई आणि सुतळी. काही शिवत नव्हते.

"संघपालला दाट पेरा म्हणल्ते मापाडी," कांताबाई हळूच म्हणाल्या. "दोन पोती जास्तीची म्हनून तर आनली. उषा, त्येंना ठावं होतं का?"

उषाबाईंनी गोणपाटावरचे कोंब न आलेले दाणे एका बाजूला सारले. आतून भुजंगरावांनी एकदा "उषा" अशी हाक मारली.

"होतं," त्या म्हणाल्या. "आन् मलाबी."

कांताबाईंनी ताट उचललं नाही. फाट्याच्या बाजूने एक रिक्षा आली आणि गोदामासमोर थांबली. तिच्यातून तीन बायका उतरल्या. तिघींच्या काखेत गोणपाटाच्या गुंडाळ्या होत्या. मागून, बांधाच्या वाटेने, आणखी कुणीतरी चालत येत होतं.