दोनच बंदुका ठेवायच्या होत्या

बाबा गेले तेव्हा घरात तीन बंदुका होत्या. हे सांगितलं की पुण्याकडची माणसं माझ्याकडे अशी बघतात, जशी काही मी डाकूंच्या टोळीतून उठून आले आहे. अहो, वरूडकडे संत्र्याचा बगीचा सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा. रानडुकरं येतात, झाडांभोवतीची आळी उकरतात, ठिबकच्या नळ्या चावून टाकतात आणि खालच्या फांद्यांची फळं ओरबाडून जातात. रोही, म्हणजे नीलगाईचा नर, आला तर कोवळे शेंडे खाऊन जातो, वरून अंग घासून खोडाची सालही काढतो. आमच्याकडे बंदूक म्हणजे फावड्यासारखीच शेतावरची वस्तू. फक्त तिला परवाना लागतो.

तिन्हींची कामं वेगळी होती. एक भरमार, म्हणजे तोंडातून दारू ठासायची जुनी बंदूक. तिच्यात बाबा गोळी घालतच नसत, नुसती दारू. आवाज असा व्हायचा की डुकरांचा कळप पार नाल्यापलीकडे पळायचा. दुसरी बारा बोअरची दुनाळी, काडतुसाची. पटकन भरता येते, एक बार फुकट गेला तर दुसरा तयार असतो. आणि तिसरी रायफल. ती बाबांनी ऐन उमेदीत हौसेनं घेतली आणि आयुष्यभर तेल लावून ठेवली. बगीच्यात ती कधीच नेली नाही. "हिची गोळी कुठं जाऊन थांबन, सांगता येत नाही," म्हणायचे. "पल्याडच्या बगीच्यात बाया संत्री तोडून राहिल्या असतात."

बंदूक कशी धरायची ते बाबांनी आम्हा दोघा भावंडांना शिकवलं, मला आणि माझ्या लहान भावाला. पहिला धडा नेम धरायचा नव्हता. दुनाळी मोडायची, म्हणजे बिजागरीवर उघडायची, नळ्या आभाळाकडे करायच्या आणि आत पाहायचं. दोन्हीकडून उजेड दिसला तरच काडतूस घालायचं. कालच साफ केली असली तरी पाहायचं. आम्हाला हसू यायचं, तेव्हा ते डोळे वटारायचे.

बाबा गेले त्याच सुमारास नियम आला, एका परवान्यावर दोनच बंदुका. तिन्ही पोलीस ठाण्यात जमा झाल्या. परवाना माझ्या नावावर व्हायचा होता, कारण आई आधीच गेलेली, मी माहेरीच राहते आणि बगीचा मीच पाहते. मी मनात केव्हाच ठरवलं होतं. भरमार ठेवायची, दुनाळी ठेवायची, रायफल द्यायची. एक हाकलायला, एक अडीअडचणीला. शेतकऱ्याला आणखी काय लागतं? पण परवान्यासाठी दुसऱ्या वारसाची संमती लागत होती, आणि दुसरा वारस अकोल्याला जठारपेठेत कपड्याचं दुकान थाटून बसला होता.

तो आला तो तावातावानंच.

"रायफल देतं का कोणी? येडी झाली का ताई तू?"

"अरे, तिचं काम काय हाये बगीच्यात?"

"काम नाई, इज्जत हाये थे! बाबाची रायफल म्हटलं की पूर्ण तालुका ओळखते. अन् तू थे भंगार भरमार ठेवून राहिली?"

मी म्हटलं, बाबा रे, इज्जतीला डुकरं भीत नाहीत. त्याला नाही पटलं. रायफल राहत असेल तरच सही, नाहीतर नाही. संतापानं माझं डोकं नुसतं भणभणलं. जो माणूस वर्षातून एकदा बगीच्यात येतो, तोही बुटाला चिखल लागू नये म्हणून बांधावरूनच परत फिरतो, तो मला सांगणार होता माझ्या शेताला काय लागतं ते! नातेवाईकही त्याचीच री ओढणारे. "बाईमाणसाले कायले पाह्यजे तीन न् दोन? भाऊ म्हणते थे ऐक." आणि मी अमरावतीच्या कचेरीत खेटे घालत होते तोवर डुकरांना रान मोकळंच होतं. आंबिया बहाराची फळं झाडावर, बंदुका ठाण्यात, आणि मी हातात टिनाचा डबा घेऊन बडवत हिंडते आहे, असं चाललं होतं. फटाके लावून पाहिले. डुकरं चार दिवसांत सरावली.

शेवटी मी हात टेकले. भरमार कायमची जमा केली. रायफल आणि दुनाळी घरी आली. ठाण्यात कागदावर सही करताना ती समोर टेबलावरच होती. बाबांच्या हाताच्या घामानं तिचा दस्ता काळा पडला होता.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला वखर, विळे, पंप, बंदुका, सगळ्यांची पूजा मांडतात. भाऊ बायकोपोरांसह आला. मी चुलीपाशी पुरण वाटत होते, आणि हा बैठकीत रायफल मधोमध ठेवून फोटो काढत होता. पूजा त्यानंच केली. हळदकुंकू, ओल्या अक्षता, झेंडूचा हार, आपट्याची पानं, कशाची म्हणून कसर ठेवली नाही. जेवण झालं, सोनं वाटून झालं, बंदुका त्यानं पुसून माझ्या हाती दिल्या. मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. संध्याकाळी ते अकोल्याला गेले.

त्यानंतर काही दिवसांनी, दिवस मावळतीला आला असताना, विहिरीकडच्या ओळींत डुकरं शिरली. आळ्यांत मुसंडी मारल्याचा आवाज घरापर्यंत येत होता. मी कपाट उघडून दुनाळी घेतली आणि पळतच निघाले. बांधावर आले, काडतुसं खिशातून काढली, बंदूक मोडली आणि सवयीनं नळ्या आभाळाकडे केल्या.

एका नळीत उजेड होता. दुसरी काळी.

आधी वाटलं, डोळ्यापुढे अंधारी आली. पुन्हा पाहिलं. काळीच. पऱ्हाटीची एक वाळकी काडी उचलून आत घातली, तर बोटभर बोळा निघाला. आपट्याची पानं, कुंकू, अक्षता, सगळं एकमेकांत चिकटून वाळलेलं. मी बांधावरच बसले. डुकरं समोर खुशाल संत्री खात होती. तिथूनच भावाला फोन लावला.

"नळीत काय कोंबलं होतं रे तू?"

"अवं, सोनं होय थे. पूजेत वाहतेतच ना. काढलं होतं मी, थोडंसं राह्यलं असन आत."

"थोडंसं? बार टाकला असता तर नळी फाटली असती माह्या तोंडावर! मेली असती मी!"

मला वाटलं, घाबरला बिचारा. बहीण मरता मरता वाचली म्हटल्यावर कोणीही घाबरेल.

मग तो म्हणाला, "रायफलीतबी टाकलं होतं. तिले काई झालं नाई ना?"

मी फोन बंद केला. काय बोलावं अशा माणसाला? दुसऱ्या दिवशी रायफल काडीनं, चिंध्यांनी साफ केली, खोळीत घातली आणि ठाण्यात नेऊन कायमची जमा करून टाकली. परवाना माझ्या नावावर होता, आता कोणाच्या सहीची गरज नव्हती. भरमार परत मिळते का विचारलं. नाही मिळत. गेली ती गेलीच.

बातमी अकोल्याला पोचायला वेळ लागला नाही. भाऊ आला, चप्पल न काढता बैठकीत उभा राहून ओरडायला लागला. "बाबाची एवढी एक आठवण होती, थेबी देऊन टाकली तू! काहून दिली? सांग, काहून?"

मी कपाटातून दुनाळी काढली. रिकामी होती तरी मोडली आणि त्याच्या हातात दिली.

"दाराकडे कर. आत पाह्य. काय दिसते?"

"काय दिसन? उजेड."

"हे बाबानं शिकवलं मले. याच्यामुळं वाचली मी. अन् तुलेबी शिकवलं होतं."

तो नळ्या डोळ्याला लावून तसाच उभा राहिला. नंतर त्यानं बंदूक हळूच परत दिली. मी ती घेतली आणि कपाटात ठेवण्याआधी, त्याच्यासमोरच, दाराकडे करून पुन्हा एकदा आत पाहिलं.